उजेडाचा खटका

संत्र्याची ओली बी ताटलीच्या कडेला होती, आणि उजवा डोळा मिटला की ती नव्हती. तिच्या जागी एक करडा डाग – भोवतालची ताटली दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, फक्त जिथं नीट पाहायचं तेवढंच पुसलेलं. सहदेवनं दोन्ही डोळे उघडले. बी परत आली. दोन महिने तो रोज सकाळी असं काहीतरी पाहून घ्यायचा, आज कदाचित दिसेल म्हणून, आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की ते दिसणार नाही.

बंगलोरहून तो चार दिवसांसाठी अकोल्याला आला होता. घरी कुणाला काही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या सरांनाही नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी त्याला या कामावरून काढलं असतं, आणि तीन वर्षं... तीन वर्षं त्या दोन पितळी गोळ्यांसमोर गेली होती.

ओसरीवर पुंजाजी, त्याचे वडील, शेजाऱ्याच्या इस्त्रीचा प्लग खोलून बसले होते. जिनिंग कारखान्याच्या इंजिनघरात त्यांनी बावीस वर्षं खटका ओढला. धम्मदीक्षेच्या वर्षी त्याच खटक्याच्या ठिणगीनं त्यांचा उजवा हात भाजला आणि दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. हे काम नेमकं काय आहे, असं ते प्रत्येक खेपेला विचारत, आणि सहदेव प्रत्येक खेपेला थोडं सांगून सोडून देई. आज त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तो शेजारी बसला आणि त्यानं नीट सांगितलं – दोन गोळे, मध्ये बोटभर अंतर, विजेचा इतका दाब की एखाद्याचा जीव जावा, तरी वीज उडी मारत नाही, वाट पाहत राहते. मग लेसरचा एक लाल झोत गोळ्यावर पडतो आणि त्याच क्षणी ठिणगी पार होते. पापणी लवते तेवढ्यात असे कोट्यवधी क्षण मावतील, बाबा.

"मंग खटका वढते कोन?"

"कोनीच नाही. उजेडच वढते."

 पुंजाजींनी आपला हात उताणा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग म्हणाले, "बरं केलं. कोनाचा हात नाही जयनार."

मी काय सांगू यांना? ...की त्या दिवशी झोतापासून वाचवणारा चष्मा कपाळावर होता, गोळा नुकताच चकाकवला होता, झोताचा एक तुकडा त्याच्या कडेवरून परतून डोळ्यात शिरला. आवाज नाही, वेदना नाही, फक्त एक हिरवट वर्तुळ, जे मग हललंच नाही. हात वाचवायला निघालेला मुलगा.

तेवढ्यात वडिलांनी पेचकस पुढं केला. चिकटलेल्या बोटांना बारका पेच धरवत नसे. सहदेवनं पेचकस टेकवला. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नव्हतं; तो खाचेच्या बाजूला पडला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यानं मान किंचित वाकडी केली – ही युक्ती बंगलोरला कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"कोनता डोया?" पुंजाजींनी हळूच विचारलं.

आत चुलीपाशी माय, माणिकबाई, भाकरी थापत होती. तो थापण्याचा आवाज मध्येच थांबला, की त्यालाच तसं वाटलं...

"डावा."

कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. पेचकस घसरून खाली पडला होता तो उचलून त्यांनी त्याच्या तळव्यावर ठेवला आणि प्लगकडे पाहत म्हणाले, "बोटं वयत नाही हे तुह्या मायले मी सा महिने सांगतलं नव्हतं. धोतरात हात लपवून जेवाले बसो. तिले पैल्याच रोजी समजलं होतं."

आता भाकरीचा आवाज खरोखरच नव्हता. सहदेवच्या छातीत काहीतरी सैल होऊ लागलं. दोन महिने घट्ट धरलेलं, आणि ते सुटलं तर पुढं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. परत जायचं का, सरांना काय सांगायचं, उरलेला एक डोळा त्याच झोतासमोर न्यायचा का... यातलं काहीच ठरलं नव्हतं. त्यानं पेचकस पुन्हा टेकवला. तो चुकला. या वेळी त्यानं मान वाकडी केली नाही, आणि वडिलांनीही घाई केली नाही. चुकत चुकत, चाचपत, तो खाच शोधत राहिला.