उजवा अर्धा

कॅमेऱ्यातला फोकसचा तो हिरवा चौकोन पुन्हा सरकला होता — शकुबाईच्या भुवईवर नीट बसवलेला, तिथून निसटून तिच्या मागच्या दोरीवर, पंचाला लावलेल्या निळ्या चिमट्यावर जाऊन बसला होता, आणि हे सहादू पगाऱ्यांना कळले ते बटण दाबून झाल्यावर. पडद्यावर फोटो उघडला. चिमटा इतका स्वच्छ की त्याच्या तारेवरचा गंज दिसावा. आणि त्याच्या पुढे, धुरकट, पत्नीचे हसू.

चौथा दिवस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उपकरणे दुरुस्त करण्यात चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाला एका चौकोनाने चार दिवस फिरवावे याची चीड यायला हवी होती, येत नव्हती. उलट बरे वाटत होते... कितीतरी दिवसांनी सकाळी जाग येताच डोक्यात एक अडचण हजर असे, आणि चहा उकळेपर्यंत तिची पुढची पायरी ठरलेली असे. लेन्स बदलून पाहिली — नाही. चेहरा ओळखण्याची सोय बंद केली, चालू केली — नाही. तिपाईवर ठेवून, पडद्याकडे पाहत काढलेले फोटो मात्र निर्दोष. म्हणजे कॅमेरा चांगला. दोष येतो तो पडद्याच्या वरच्या छोट्या खिडकीला, व्ह्यूफाइंडरला, डोळा लावल्यावर.

"अहो, फोटो काढताय का मला भिंतीवर टांगायची तयारी करताय?" गॅलरीतल्या खुर्चीवरून शकुबाई म्हणाली. "अक्काबाईच्या नातीची हळद हाय बाराला. रिक्षा येईल आता."

"दहा मिनिटं, शकू. हलू नकोस."

"मी कुठं हलते? तुमचं यंत्रच हलतंय."

ती बसली होती हेच खरे तर नवल. कॅमेरा पाठवणाऱ्या लेकीने, अंजलीने, आईचा एक फोटो मागितला होता, आणि शोधायला गेले तर घरात शकुबाईचा एकच चेहरा सापडला — आधार कार्डावरचा, चोरी पकडल्यासारखा. फोटो त्यांनी काय कमी काढले होते! टर्बाइनचे, बॉयलरचे, निरोप समारंभांचे... तिने मात्र दर वेळी पदर पुढे ओढला, आणि दर वेळी त्यांनी कॅमेरा खाली घेतला, इतक्या सहज, की आता आठवून ओशाळल्यासारखे होई. आज जरीची साडी नेसून ती आपणहून म्हणाली होती, काढा एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच. दुसऱ्यांदा ती बसणार नव्हती.

चौकोन सरकण्याचे कारण तर कालच सापडले होते. डोळा व्ह्यूफाइंडरला असतानाही पडदा स्पर्श ओळखतो. अंगठा फिरवला की चौकोन सरकतो, आणि अंगठ्याऐवजी नाक टेकले तरी सरकतो. पुस्तिकेत उपायही होता : स्पर्शासाठी पडद्याचा फक्त उजवा अर्धा चालू ठेवावा, नाक डाव्या अर्ध्यावर येते. त्यांनी तसे केले होते, दोनदा तपासलेही होते. तरीही...

त्यांनी कॅमेरा बंद केला आणि काळा पडदा उन्हात तिरका धरला. थंडीत नाकाची कातडी फुटते म्हणून सकाळी लावलेल्या खोबरेलाचा ठसा पडद्यावर उमटला होता. उजव्या अर्ध्यात.

उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक डावीकडे येते. इथे नाक उजवीकडे. म्हणजे डोळा — मी डाव्या डोळ्याने पाहतो आहे? मी? कधीपासून? त्यांनी डावा डोळा मिटला. शकुबाई, खुर्ची, दोरी, सारे जणू कुकरच्या वाफेआड गेले. उघडला. मिटला. पुन्हा वाफ.

"डोळे कसले मिचकावताय या वयात? समोरच्या बिल्डिंगीतून बघतायत लोक."

"शकू... मी कोणत्या डोळ्यानं बघतो गं?"

"डाव्या," ती क्षणभरही न थांबता म्हणाली. "पावसाळ्यापासून. पेपर वाचताना मान कलते तुमची. चहाचा कप मी आता उजवीकडं ठेवत नाय, धक्का लागतो तुमचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला स्वतःला सापडल्याशिवाय कोणती गोष्ट खरी वाटते?"

दर तासाला शंभर मीटरच्या काट्यांची नोंद घेणारा मी, आणि माझा काटा हिने सहा महिने वाचला. कुठे लिहिला नाही, नुसता कप वीतभर सरकवला. कुठेतरी लागायला हवे होते हे, आणि लागलेही. पण त्या लागण्याखालून काहीतरी उबदार वर येत होते...

त्यांनी सेटिंग उघडले. उजव्याऐवजी डावा अर्धा. कॅमेऱ्याने मुकाट मान्य केले. केंद्रात कुणी दोष तसाच ठेवून धोक्याची घंटा बंद केली तर ते स्वतः त्याला फैलावर घेत; आज त्यांनी दुसरे काय केले होते?

डोळा लावला. डावाच. चौकोन भुवईवर थांबला. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला, शकुबाई तिकडे वळता वळता थांबली आणि तिने पदर पुढे ओढला नाही. त्यांनी बटण दाबले.

"आले का मी?" तिने विचारले.

"आलीस."

पायऱ्यांवरून तिचा आवाज आला, "मंगळवारी डॉक्टरला डोळा दाखवायचा का?"

"बघू," ते म्हणाले. तिची कोणतीही गोष्ट टोलवायची असली की हाच शब्द. चाळीस वर्षे दोघांनाही त्याचा अर्थ पाठ होता. आज तो तोंडातून निघाला आणि तसाच उभा राहिला, टोलवल्यासारखा नाही, कबूल केल्यासारखाही नाही... आणि हा 'बघू' कोणता होता हे तिला मात्र कळले असणार, असे वाटून सहादू पगारे रिकाम्या खुर्चीसमोर जरा वेळ, कसलेच कारण न शोधता, उभे राहिले.