काचेतला साप

त्या मंगळवारी केप कोस्ट शहरातल्या प्रार्थना छावणीत दोन-अडीचशे पांढरे रुमाल एकदम हलले. प्रेषित आमिस्साह यांच्या स्वच्छ काचेत पुन्हा कुणाच्या तरी रक्तातला साप दिसला होता.

छावणीचा नियम असा, की ज्या वारी जन्मलात त्याच वारी पुढे यायचं. अराबाची आई एफुआ शुक्रवारची. मागच्या शुक्रवारी प्रेषितांनी तिचा साप घालवला आणि इन्सुलिन बंद करायला लावलं. चार दिवसांत म्हातारीचे ओठ सुकले, पाणी पुरेना, आंबवलेल्या मक्याच्या केंकेचा घास उतरेना. सुईचं नाव काढलं की म्हणायची, "मी डोळ्यांनी पाहिलंय. तू पाहिलंस?"

आज ती बरी झाल्याची साक्ष द्यायला पहिल्या रांगेत बसली होती. अराबा मंगळवारची, म्हणून पुढे गेली.

"हा स्वर्गाचा झरोका," प्रेषित टीव्हीच्या उजळ पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हा पवित्र चष्मा, लाव. आणि मान सरळ हं, पोरी. मान हलवणाऱ्याला साप दिसत नाही, साप त्याला पाहतो."

त्यांनी काच पडद्यासमोर धरली. चष्म्यातून लाल-हिरवा साप झळकला. अराबा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासायची. रंग दिसला की फिरवून पाहायचं, ही आठ वर्षांची खोड. काच हातात नव्हती. तिने कान खांद्याकडे नेला.

"पापा, साप गेला," ती म्हणाली; प्रेषितांना छावणीत सगळे पापाच म्हणत.

"अजून प्रार्थना कुठे झालीय?"

"तेच म्हणते." तिने मान सरळ केली. "आला." वाकवली. "गेला."

"साप आहे की जावई?" मागून एक मासेवाली म्हणाली. "वाटेल तेव्हा येतो-जातो."

"हिच्या अंगात सैतान आहे. धरा," प्रेषित ओरडले.

दोन सेवकांनी दंड धरायच्या आत अराबाने चष्मा आईच्या नाकावर चढवला. "आई, मान तिरकी कर. एकदाच."

सेवकांनी अराबाला धरलं, पण प्रेषितांच्या हातातली काच अजून पडद्यासमोरच होती. म्हातारीने मान तिरकी केली. सरळ केली. पुन्हा तिरकी केली.

"सोडा तिला," ती सेवकांना म्हणाली.

अराबाने काचेवर नख फिरवलं. पारदर्शक चिकटपट्टीचे थर सुटून आले. "या पडद्याचा प्रकाश एकाच दिशेने थरथरतो, आणि हा चष्मा एकाच दिशेचा प्रकाश आत सोडतो. मधली तिरकी पट्टी ती दिशा वळवते, प्रत्येक रंगाची वेगळी, म्हणून रंग दिसतात. पट्टी पडद्याच्या किंवा चष्म्याच्या रेषेत आली की रंग जातात; मी मान वाकवून चष्मा फिरवला. प्रार्थना म्हणताना पापा हळूच काच फिरवतात, एवढंच."

"मग माझ्या रक्तात काय आहे?" आईने विचारलं.

"साखर. ती मान वाकवून जात नाही."

म्हातारी काठी टेकत उठली. "दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?"

डोळ्यांनी पाहिलं, एवढ्याने भागत नाही, बाबांनो. कोणी दाखवलं, कशातून दाखवलं, हे आधी विचारा. आणि औषध बंद करायचंच, तर रक्त तपासणाऱ्या डॉक्टरला विचारून करा.