तीन गाडग्यांतलं दही

माझी बजावहिनी हट्टी होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, अभिमानानं सांगतोय. तिच्या हट्टापुढं मी स्वतः कितीदा आदळआपट केली असेल, पण आज त्या घरात पाय टाकला की पहिली आठवण तिच्या हट्टाचीच येते.

सोलापुरात मार्शल लॉ लागून उठला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझा थोरला भाऊ मानसिंग गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता आणि मी त्याच गिरणीत हजेरीकारकून. आम्ही मूळचे माळशिरसकडचे. चाळीतल्या एका पत्र्याच्या खोलीत दादा, वहिनी आणि मी असे तिघं राहत होतो. खरं तर तिथं पाच जण असायला हवे होते. वहिनीची पहिली मुलगी त्याच खोलीत वैशाखाच्या उन्हानं गेली. नंतरचा मुलगा पौषाच्या थंडीत छाती भरून गेला. उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापायचा आणि हिवाळ्यात त्याच्या आतल्या बाजूला दहिवर साचून आमच्या अंथरुणावर ठिबकायचं. दोन्ही वेळा वहिनी रडली नाही. वर पत्र्याकडं बघत बसली होती, एवढंच मला आठवतं.

पुढं दादानं अक्कलकोटच्या रस्त्याला जागा घेतली आणि काळ्या दगडाच्या भिंती उभ्या केल्या. छपराची वेळ आली आणि घरात भांडण पेटलं.

दादाला पत्राच हवा होता. मी मंगळुरी कौलांचा कैवारी. स्टेशनाजवळच्या साहेबांच्या बंगल्यांवर ती लालभडक कौलं बघून माझं डोकं फिरलं होतं. वहिनी एकच शब्द बोलली, "माळवद."

माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर मातीचा थर. आमच्या मुलखात निम्मी घरं अशीच. पण तो शब्द ऐकला आणि दादा ताटावरून उठून गेला.

त्याला कारण होतं. दादा नऊ वर्षांचा असताना भाद्रपदाची झड लागली, गावाकडचं माळवद भिजून जड झालं, वाळवी लागलेली तुळई मोडली आणि आमची आई खाली सापडली. मी तेव्हा आजोळी होतो, नुकता अंगावरून तोडलेला. दादा अंगणात होता. शेजारी धावून येईपर्यंत तो एकटा हातांनी माती उकरत होता. तेव्हापासून तो कुणाच्या माळवदाखाली झोपला नाही. सोयऱ्यांकडं गेला तरी बाज अंगणात टाकायचा, आणि लोक त्याला जावयाचा तोरा समजायचे.

मी वहिनीवर उखडलो. "वहिनी, तुमाला ठावं हाय ना सगळं? मग मुद्दाम का डिवचता त्याला?"

"ठावं हाय की," ती म्हणाली. "पण मलाबी पत्र्याचं काय ते ठावं हाय." आणि भाकरी थापायला लागली.

त्याच सुमाराला तिचा एक उद्योग माझ्या नजरेत आला. संध्याकाळी दूध तापवून निवलं की ती ते तीन सारख्या गाडग्यांत ओतायची, तिन्हींत एकाच भांड्यातलं विरजण सारखं घालायची. एक गाडगं आमच्या खोलीत राहायचं. दुसरं कौलारू घरात राहणाऱ्या सरदारबीकडं जायचं आणि तिसरं गंगम्माकडं, तिच्या जुन्या माळवदाच्या घरात. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिन्ही गाडगी गोळा करून आणायची.

चाळीत कुजबुज सुरू झाली. तिन्हीसांजेला विरजण कुणी घराबाहेर काढत नाही, आणि ही बाई रोज दोन घरांत नेऊन ठेवते! दोन लेकरं गेलेली बाई. कुणीतरी करणी हा शब्द काढलाच. गंगम्मानं मला बोळात गाठून अर्धं कानडीत, अर्धं मराठीत विचारलं, "यप्पा, तुझ्या वहिनीचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मी तिच्यावरच खेकसलो. पण मनातून मीही चरकलो होतो.

वैशाख लागला तसा एका रविवारी वहिनीनं आम्हा दोघांना जेवायला बसवलं आणि समोर तिन्ही गाडगी मांडली. "चव बघा," म्हणाली.

आमच्या खोलीतलं दही आंबून वर पाणी सुटलं होतं. वास एवढा की दादानं तोंड फिरवलं. सरदारबीकडचं बरं होतं, पण घास घेतला की डोळे बारीक व्हायचे. गंगम्माकडचं मात्र घट्ट आणि गोड, गाडगं उपडं केलं तरी हलणार नाही असं.

"एकच दूध, एकच विरजण," वहिनी म्हणाली. "पौषातबी असंच ठिवून बघितलंय. तवा आपल्या खोलीतलं सकाळपत्तूर दूधच ऱ्हायलं, लागलंच न्हाय. सरदारबीकडं कौलाच्या फटीतनं वारं येतं, तितं निम्मं लागलं. गंगम्माकडं असंच, आजच्यासारखं."

माझ्या कौलांचं, सरदारबीकडचं गाडगं मी हळूच बाजूला सारलं. ही बाई पौषापासून वैशाखापर्यंत चाळीची बोलणी खात घराची परीक्षा घेत होती आणि आमच्याच पानात वाढलेलं दही ओरपताना आम्हाला त्यामागचा हेतू कळला नव्हता. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, छाती फुगली.

दादा मान खाली घालून म्हणाला, "दह्याचं ठीक हाय. माणसाचं काय?"

"दही बिघडलं तर वतून देता येतं," वहिनी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पौषात पाळणा हलणार हाय आपल्याकडं. एक उन्हानं नेलं, एक थंडीनं. आता हे तिसरं मी पत्र्याखाली निजवणार न्हाय. माझ्या माहेरीबी कोण न्हाय, की तितं जाऊन बाळंत हुईन."

दादानं हातातला घास ताटात ठेवला.

"मला तुमचं भ्या ठावं हाय," ती म्हणाली. "मातीनं न्हाय घात केला तवा, वाळवी लागलेली तुळई मोडली. मग तुळया तुमी निवडा. तुमच्या हाताला पटंल तेच लाकूड डोक्यावर घालू. न्हाय पटलं तर न्हाय."

दादा उठला नाही. त्यानं गंगम्माकडचं गाडगं ओढून घेतलं आणि सगळं दही संपवलं. होकार म्हणायचा तर तोच.

मग लाकडाच्या अड्ड्यावर दादानं जो काही छळ मांडला! एकेक तुळई ठोकून, कान लावून, टोकं खरवडून बघायचा. अड्डेवाला हात जोडायचा. दादानं अख्खा ढीग नापास केला, तरी वहिनी एकदाही घाई करा म्हणाली नाही. शेवटी जुन्या सागाच्या तुळया मिळाल्या. पांढऱ्या मातीचा थर बसला. धूर आणि गरम हवा जायला माळवदात भोक ठेवतात, त्याला आम्ही सवणं म्हणतो. वहिनीनं ते नीट मोठं ठेवून घेतलं आणि थंडीसाठी त्यावर बसेल असं लाकडी झाकण करवलं.

दादानं आपली एक अट मात्र राखली. पुढची पडवी पत्र्याची, आणि तो झोपणार तिथंच.

तसा तो झोपलाही. आत आम्ही गारव्यात पडायचो आणि बाहेर हा पठ्ठ्या घामानं निथळत कुशी बदलायचा. मी चिडवलं, रागावलो. वहिनीनं मला दटावलं, "भावजी, त्यांना काय बोलू नका. येतील तवा येतील." भाद्रपदात झड लागली तेव्हा दादा गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन माळवदावर चढायचा. जिथं माती बसली वाटेल तिथं नवी टाकून पायानं तुडवायचा. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. पण छपराच्या वर तासन्‌तास उभा राहणारा हा माणूस छपराखाली पाठ टेकायला तयार नव्हता.

पौषात मुलगा झाला. सवण्यावर झाकण, कोपऱ्यात शेगडी, वर हातभर माती. थंडीचा कडाका बाहेरच राहिला आणि पोरगं गुटगुटीत होत गेलं. दादा दाराशी बसून त्याच्याशी बोलायचा. अंगावर दोन घोंगड्या, नाकातून पाणी.

माघात एका रविवारी दुपारी अवकाळी आलं. वारा असा की सवण्यावरचं झाकण उडून गेलं, आणि मागोमाग गारा. पडवीच्या पत्र्यावर असा काही कल्लोळ उठला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येईना. तेवढ्यात सवण्याच्या कडेचं मातीचं ढेकूळ सुटलं आणि पाळण्याजवळ धपकन पडलं.

दादानं ते दारातून बघितलं. दोन ढांगांत तो आत आला आणि त्यानं पोराला उचललं. मी पुढं झालो, पण वहिनीनं मला हातानं अडवलं.

"न्यायचं असंल तर न्या," ती म्हणाली. "तुमचंबी लेकरू हाय."

दादा उंबऱ्यापर्यंत गेला. बाहेरचा बोचरा वारा अंगावर आला, पत्रा कडाडला आणि पोर त्याच्या हातात आकसून किंचाळलं. दादा तिथंच थांबला. एकदा त्यानं पत्र्याकडं बघितलं, एकदा वर तुळईकडं. मग मागं फिरला. पोराला पाळण्यात नाही, खाली गोधडीवर ठेवलं, त्यानंच पारखलेल्या मधल्या तुळईच्या बरोबर खाली. आणि स्वतः दोन्ही कोपरं टेकून त्याच्यावर कमान करून ओणवा झाला.

"पडलं तर आधी माझ्यावर पडू दे," तो म्हणाला.

काही पडलं नाही. गारा थडथडत होत्या आणि तुळया जिथल्या तिथं होत्या. सवण्यातून आलेलं पाणी कोपऱ्यात साचलं, तेवढंच. पोर ऊब मिळाली तसं शांत झालं आणि त्यानं दादाच्या सदऱ्याची कड मुठीत धरली. हळूहळू दादाची कोपरं सैल झाली. तो कुशीवर आला.

गारा थांबल्या. वहिनी म्हणाली, "उटा की आता. थांबला पाऊस."

दादा उठला नाही. आम्ही वाकून बघितलं, तर तो गाढ झोपला होता. पोराच्या डोक्याशी तोंड, आणि चक्क घोरत होता.

दोन लेकरं गेली तेव्हा न रडलेली माझी वहिनी तिथं भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडली. मी काय करावं ते न सुचून झाकण शोधायला निघालो, तर तिनं मला हाक मारली.

"भावजी, झाकण ऱ्हाऊ द्या. पडवीतलं त्यांचं अंथरूण आत आणा."