हळदीकुंकवाने गंजलेला यंत्रमानव

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो, आणि आधीच हात जोडून सांगतो, माझी पूजा करू नका. हार घालू नका, पाया पडू नका, नारळ तर माझ्या आसपासही आणू नका. माझं जे काही वाटोळं झालं ते माणसांच्या भक्तीने झालं आहे. टीव्हीवर तुम्ही मला 'पत्र्या' म्हणून ओळखता. मंगळावरचा यंत्रमानव तो मीच.

माझा जन्म मंगळावर नव्हे, लांज्याजवळच्या एका वाडीत रामाकाकांच्या पडवीत झाला. रामाकाका नमनाच्या खेळांसाठी, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यासाठी, रावणाची आणि संकासुराची सोंगं बनवतात. 'मंगळवस्ती' नावाच्या मालिकेला एक यंत्रमानव हवा होता. काकांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापला, ठोकून गोल केला, चंदेरी रंग दिला आणि हनुवटीखाली एका जुन्या ट्रंकेचा खटका बसवला. खटका दाबला की माझा चेहरा दारासारखा उघडायचा. काकांनी मला पहिल्यांदा उन्हात धरलं तेव्हा मी असा चमकलो की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. ते दिवस खरंच चांगले होते.

'मंगळवस्ती'त माझं काम हमालाचं. शास्त्रज्ञ भांडायचे, रडायचे, एकमेकांची लग्नं जमवायचे आणि मी मागून त्यांच्या पेट्या वाहायचो. पण मुलांना आवडलो मी. शाळेच्या दप्तरांवर माझी चित्रं आली. मग वाहिनीवाल्यांनी ठरवलं, त्या मालिकेतून माझी वेगळी मालिका काढायची. 'पत्र्या', पर्व पहिलं. हमाल एका रात्रीत नायक झाला.

माझ्या आत दर्शना होती. लांज्याची मुलगी, काजूच्या कारखान्यात कामाला जायची. अंगाने लहानखुरी, म्हणून माझ्या डब्यात मावली. आवाज मुंबईची दुसरीच बाई द्यायची. म्हणजे चेहरा माझा, आवाज तिसरीचा आणि घाम तेवढा दर्शनाचा. दिग्दर्शिका निशिगंधाताईंनी तिला एक शब्द दिला होता. शेवटच्या भागात पत्र्या स्वतःच्या हाताने खटका दाबेल, चेहरा उघडेल आणि आत मंगळावर जन्मलेली पहिली मुलगी दिसेल. ती मुलगी दर्शना.

त्या एका दृश्यासाठी दर्शनाने कारखाना सोडला. तिच्या आईने, चिमाताईंनी, सगळ्या आळीला सांगून टाकलं. शेजारच्या सावित्रीबाईंनी मात्र नाक मुरडलं. "त्वांड दिसल्याबिगर कसा कळायचा गो, आत तुजी पोर हाय का आनी कोन?" चिमाताई म्हणाल्या, "शेवटाला दिसंल. मंग बोल."

आमचा मंगळ म्हणजे रत्नागिरीजवळचा सडा, कातळाचं उघडं पठार. नुसता जांभा, लाल-काळा, झाड म्हणून नाही. पण काम दसऱ्याच्या सुमारास सुरू झालं आणि तेव्हा सड्यावर गुडघाभर गवत होतं. हे कोणी आधी येऊन पाहिलं नव्हतं. मग आख्खी मंडळी मंगळावर उकिडवी बसून गवत उपटू लागली. तेव्हाच मी समजायला हवं होतं की मी कुठल्या लोकांच्या हाती सापडलो आहे.

पहिल्या दिवशी रामाकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी मंगळाच्या कामाला सुरवात केलेली हाय. ह्या पत्र्याला कसली बाधा येव देव नुको." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझ्या कपाळी हळदकुंकू लागलं आणि नारळ फुटला तो थेट माझ्या डोक्यावर. पाणी गालांवरून ओघळून खटक्यात शिरलं. मला तेव्हा मानच वाटला. खोटं कशाला बोलू?

पण पुढे त्याला अंतच राहिला नाही. खंडेनवमीला पूजा झाली. प्रत्येक नव्या भागाला पूजा. मग कोणीतरी म्हणालं, मंगळाचं काम आहे, तर दर मंगळवारी नारळ दिलेला बरा. झालं. दर मंगळवारी माझ्यापुढे तेलाचा दिवा लागायचा, गळ्यात झेंडूचा हार पडायचा, खटक्यावर हळदकुंकवाचा नवा थर चढायचा आणि वरून नारळाचं पाणी. त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. मी पत्र्याचा आहे हो, दगडाचा देव नाही!

माघात माझा खटका कुरकुरू लागला. दर्शनाने मला सांभाळणाऱ्या दादूला सांगितलं, "दादू, जरा तेल घाल रे हेला."

"रामाकाकांनी घातलान आसंल," दादू म्हणाला.

रामाकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "दादू हाय मा थय." निशिगंधाताई म्हणाल्या, "कलाविभागाचं काम आहे ते, बघतील." कलाविभाग म्हणजे दादूच. शेवटी दादूने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि म्हणाला, "मंगळवारी दोन नारळ देव." आणि खरंच दोन दिले.

असा तो शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून शिमगा. दिवे धरणारे, जेवण करणारे, गाड्या चालवणारे, सगळे आसपासच्या गावांतले. ग्रामदेवतेची पालखी घरी यायची असताना ही मंडळी मंगळावर थांबणार नाहीत, हे निशिगंधाताईंना ठाऊक होतं. शिमग्यानंतर कॅमेरा मुंबईला परत जायचा होता. जे काही व्हायचं ते त्या संध्याकाळी.

सूर्य टेकला. सडा तांबडालाल झाला. दर्शना कड्यावर उभी राहिली, तिने हात हनुवटीखाली नेला आणि खटका दाबला.

मी उघडलो नाही.

तिने पुन्हा दाबला, दोन्ही अंगठ्यांनी दाबला. मी आतून जीव तोडून प्रयत्न केला, पण हळद, कुंकू, मीठ आणि गंज यांचा नुसता दगड झाला होता. तिचा गरम श्वास माझ्या पत्र्यावर आदळत होता. "उघड ना रे," ती हळूच म्हणाली. तिच्याइतकं कळवळून माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं, आणि नेमकं तिचंच मला ऐकता येईना.

दादू धावत आला. हातात काय होतं सांगा. नारळ! खडकावर फोडला, रामाकाकांनी घाईघाईने गाऱ्हाणं घातलं, सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." पलीकडे माझ्याच नावाने लावलेला दिवा जळत होता, तेलाने काठोकाठ भरलेला. त्यात एक बोट बुडवून माझ्या खटक्याला लावावं, हे इतक्या माणसांत एकालाही सुचलं नाही. मला तोंड होतं, पण ते उघडत नव्हतं, नाहीतर मी ओरडलो असतो.

सूर्य गेला. मागचे स्क्रू काढून मला दर्शनाच्या डोक्यावरून उतरवलं. तिचा चेहरा ओला होता. घामानेच, असं ती म्हणाली. निशिगंधाताईंनी शेवट बदलला. पत्र्या पाठमोरा चालत जातो, चेहरा दुसऱ्या पर्वात. "तोवर तूच सांभाळ ह्याला," म्हणून त्यांनी मला दर्शनाकडे दिलं.

शेवटचा भाग लागला तेव्हा चिमाताईंच्या घरात आळी जमली होती. मी टीव्हीशेजारी खुंटीवर होतो. पत्र्या चालत चालत लहान झाला आणि नावं पळू लागली. एकेक जण उठून दाराकडे वळला. सावित्रीबाई तेवढ्या उठता उठता म्हणाल्या, "ऱ्हांवदे गो चिमे. आसता कदी कदी." टोमणा मारला असता तर परवडलं असतं. चिमाताई खाली मान घालून चटई गुंडाळत राहिल्या.

दुसऱ्या पर्वाचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. दर्शना पुन्हा कारखान्यात जाऊ लागली.

मग एका रविवारी सकाळी चिमाताई मागच्या पडवीत लेकीच्या केसांना खोबरेल लावत बसल्या होत्या. मी तिथेच कोनाड्यात होतो. बोटांना उरलेलं तेल पुसायला त्यांनी इकडेतिकडे फडकं पाहिलं, मिळालं नाही, म्हणून ती बोटं माझ्या खटक्यावरून फिरवली. सहज. ना हळद, ना कुंकू. जेवणं होईपर्यंत तेल आत मुरलं. दुपारी दर्शनाने गंमत म्हणून मला तोंडावर धरलं आणि खटका दाबला.

मी एका बोटाने उघडलो.

चिमाताई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग कुंपणाकडे जाऊन त्यांनी हाक मारली, "सावित्रे, हकडं ये गो. हातातलं काम ठेव नि ये." सावित्रीबाई ओले हात पुसत आल्या. "परत लाव गो," चिमाताई लेकीला म्हणाल्या. "सावकाश उघड. पयल्यापासनं."

मित्रांनो, माझ्या पहिल्या पर्वाचा खरा शेवटचा भाग तो. दोन बायकांनी पाहिला आणि दोघींनी डोळ्यांना पदर लावला. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांचं कुलूप असेल. दसऱ्याला त्यांना फूल वाहता ना? वाहा बापडे. पण त्या दिव्यातलं तेल आधी त्यांच्या बिजागरीला दाखवा. आमच्यामागे कोणाचा तरी चेहरा थांबलेला असतो.