उखाण्याचं कुलूप

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर हसनाबादची बेबीनंदा जालन्यात फुकट काम मागत हिंडत होती, आणि फुकट म्हटल्यावरच लोक जास्त घाबरत होते.

तिनं औरंगाबादेत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कॉम्प्युटरमधली माहिती परक्याच्या हाती कशी लागू द्यायची नाही, हे त्यात शेवटचे तीन महिने शिकली होती. तिथल्याच एका कंपनीनं नोकरी कबूल केली, पण अट घातली: कुठंही, पगारी नाहीतर बिनपगारी, दोन महिने हेच काम केल्याचं पत्र जानेवारीअखेर आणून दे. पत्र आलं तर नोकरी, नाही तर जागा दुसऱ्याला.

बियाण्याच्या दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "फुकट? पोरी, सरळ बोल, तुला आमची कोणती माहिती पाहिजे?"

पतसंस्थेचे मॅनेजर म्हणाले, "सुरक्षेला आमच्याकडं कडूबा हाय की. बंदूक हाय त्याच्याकडं. चालत न्हाई, पण हाय."

शाळेचे हेडमास्तर तर हसलेच. "आमचा कॉम्प्युटर कपाटात. कपाटाला कुलूप. चावी माझ्या खिशात, अन् मी दर सुट्टीला गावी, जांब समर्थला. ह्याच्यावर तू काय सुरक्षित करशील?"

बेबीनंदा पुढच्या दाराकडं वळली.

शेवटी जालन्याच्याच मस्तगडात अण्णासाहेबांचं वधू-वर सूचक मंडळ सापडलं. वीस वर्षं त्यांची सारी स्थळं एका लाल वहीत होती आणि वही त्यांच्या मांडीखाली. गेल्या वर्षी मुलानं कॉम्प्युटर पाठवला, तेव्हा वही त्यात गेली. कुणाचं खरं वय काय, कुणाचं ठरलेलं का मोडलं, कुणाचे पुढचे दात बसवलेले, असं सहाशे घरांचं झाकलेलं त्या पेटीत होतं. आणि तिथून ते गळत होतं.

"मागच्या म्हैन्यात एका नवरदेवाचं खरं वय हळदीच्या आधी चौकात पोचलं," अण्णासाहेब म्हणाले. "कर काम. पगार न्हाई."

"नकोच."

"चहा मिळंल."

"मला पत्र पाहिजे."

"पत्र असं न्हाई मिळणार. एक दिवस मी परीक्षा घेईन, बिलकुल न सांगता. आमचे मेहुणे, भुजंगराव, टीव्ही दुरुस्त करतात, त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवीन. अर्धा तास. त्यांनी उघडला तर पत्र न्हाई. चोर काय आधी चिठ्ठी धाडून येतो का?"

पेटीशी काम एकट्या दुर्गाबाईंचं. अण्णासाहेब माउसला हात लावत नसत. त्यांना तो वळवळेल असं वाटे. दुर्गाबाई पन्नाशीच्या. नवरा रामकिसन मोंढ्यातल्या धान्यबाजारात मापाडी. सकाळी सायकलच्या कॅरियरवर त्यांना आणून सोडी, संध्याकाळी न्यायला येई. तांदळातला खडा वेचावा तसं एकेक अक्षर हुडकून त्या टाईप करत.

पहिल्याच दिवशी बेबीनंदेनं पासवर्डच्या जागी रामकिसन लिहिलं, आणि पेटी उघडली.

"अगं बाई! तुला कसं कळलं?" दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काकू, नवऱ्याचं नाव कुणी ठेवतं का?"

"तीस वरसं झाली, ह्या तोंडानं ते नाव सरळ घेतलं न्हाई. मनातल्या मनातबी मी 'हे'च म्हणते. म्हणून तर टाकलं. ह्याच्याहून झाकलेली चीज माझ्याकडं हाय तरी काय?"

"साऱ्या मोंढ्याला माहीत आहे ते!"

"मोंढ्याला हाय. माझ्या तोंडून न्हाई."

यावर कोर्सच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. बेबीनंदेनं पाट घेतला, समोर बसली आणि म्हणाली, "लांबलचक काहीतरी घ्या, काकू. अजून कुणाच्याच कानावर न पडलेलं."

तीन दिवस दुर्गाबाई जुनंच नाव टाकत राहिल्या. चौथ्या दिवशी आल्या त्या फुलूनच. "टाकला. सक्रांतीसाठी उखाणा बांधून राह्यले नव्हं का, त्याची पहिली ओळ टाकली. अजून ह्यांनाबी ऐकवला न्हाई."

दुर्गाबाईंचा उखाणा ही मस्तगडातली मोठी गोष्ट होती. अण्णासाहेबांच्या कांताबाई दर संक्रांतीला हळदीकुंकू करत, आणि ज्या बाईचा उखाणा उजवा ठरेल तिला पितळी करंडा देत. सात वर्षं करंडा दुर्गाबाईंच्याच घरी गेला होता. गेल्या वर्षीचा तर बायका अजून भाकरी थापताना म्हणत:

कुंडलिकेच्या पाण्यात पडलं चांदणं बाई,
रामकिसनरावांच्या घरात मला उसंत न्हाई.

संक्रांत तेव्हा लांब होती. बेबीनंदा खूश झाली आणि गळती शोधायला लागली. ती आठवड्यात सापडली. छापताना बिघडलेले कागद अण्णासाहेब रद्दीत देत, रद्दी जाई कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडं, आणि त्या नवरदेवाचं वय गरम भज्यांखाली चौकात पोचलं होतं. तिनं कागद फाडून बंबात घालायला लावले. सर्जेराव नावाचे गृहस्थ खेड्यातून स्थळं आणत आणि दारातूनच ओरडत, "लिहा हो, मुलीला कमी ऐकू येतं!" त्यांना आत येऊन हळू बोलायला शिकवलं. त्यात एक महिना गेला.

जानेवारीचा तो सोमवार. कांताबाईंचं हळदीकुंकू होतं. माजघरात तीस-चाळीस बायका, तिळगुळाचा वास, बांगड्यांची किणकिण. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मधे नुसता पडदा. चारच्या सुमाराला अण्णासाहेब तिथं बेबीनंदेजवळ आले, मागून भुजंगराव.

"आजच परीक्षा," अण्णासाहेब म्हणाले. "पोरी, तू पेटीला हात लावायचा न्हाई. घड्याळ लावा."

भुजंगरावांनी रामकिसन टाकून पाहिलं. पोरांची नावं, शेळीचं नाव, गल्लीचा नंबर. दहा मिनिटं गेली. मग ते खुर्चीत मागं रेलले आणि त्यांनी बहिणीला, कांताबाईंना, हाक मारली.

"ताई, ह्या दुर्गाबाईंच्या मनात सध्या काय घोळून राह्यलं?"

"दुसरं काय घोळणार? दिवाळीपास्नं उखाणा."

भुजंगराव हसले. "मंग पहिलं नाव त्यांनाच घ्यायला सांग. जल्दी." त्यांनी पेन्सिल घेतली आणि खुर्ची पडद्याला लावली.

बेबीनंदा पडद्याच्या फटीतून आत पाहत राहिली. पत्र, कंपनी, औरंगाबाद, सगळं आता त्या एका तोंडावर टांगलेलं.

"दुर्गे, ऊठ! नाव घे!" बायकांनी टाळ्या धरल्या.

दुर्गाबाई पदर सारखा करून उभ्या राहिल्या. दोन महिने जपलेला शब्द ओठांशी आला होता. चेहऱ्यावर त्याचा उजेडही आला. तेवढ्यात पडद्याखालून त्यांना भुजंगरावांचे बूट दिसले. पडद्याच्या एवढे जवळ. मग फटीतली बेबीनंदा दिसली, नखं खात असलेली.

"घे की गं! वीज गेली का?"

दुर्गाबाईंनी ओठांशी आलेली ओळ मागं ढकलली.

"ताटावर ताट… ताटात ठेचा…" त्या थांबल्या. सभा पुढं झुकली. "रामकिसनरावांचं नाव घेते… आज सोमवार!"

माजघरात कुणीतरी खुदकलं, आणि मग हसण्याचा असा पूर आला की हळदीची वाटी कलंडली.

"आज सोमवार! अगं, उद्या काय करशील?" सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. सात वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती.

कांताबाईंनी कपाळाला हात लावला. दुर्गाबाई खाली बसल्या, मान ताठ ठेवून, कान लाल करून. करंडा सगुणाबाईकडं गेला.

बाहेर भुजंगरावांनी 'ताटावर ताट' टाकून पाहिलं. 'आज सोमवार' टाकून पाहिलं. घड्याळ वाजलं.

"न्हाई उघडत बुवा," ते म्हणाले. "पक्कं काम हाय."

अण्णासाहेबांनी तिथंच मंडळाच्या कागदावर पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवला. बेबीनंदेनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पण वाचलं नाही. ती माजघरात गेली आणि दुर्गाबाईंना दंडाला धरून उठवलं.

"काकू, चला. दुसरा पासवर्ड टाका. आत्ताच."

"आता कशाला? झाली ना परीक्षा?"

"तुमचा उखाणा तुम्हाला परत पाहिजे की नको?"

दुर्गाबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि बेबीनंदेनं पाठ फिरवली. अक्षरं टकटकत राहिली, पुष्कळ वेळ.

बाहेर रामकिसन सायकल घेऊन उभा होता. 'आज सोमवार' गल्लीच्या पोरांनी त्याच्यापर्यंत आधीच पोचवलं होतं. सात करंडे ज्यानं खिडकीत ओळीनं मांडले होते, त्या माणसाचं तोंड पाहवत नव्हतं.

"बस," तो एवढंच म्हणाला.

दुर्गाबाई कॅरियरवर बसल्या. सायकल निघाली. बेबीनंदा पायरीवर उभी राहून पाहत होती. वळणाच्या जरा अलीकडं दुर्गाबाई पुढं झुकल्या आणि त्याच्या पाठीशी तोंड नेऊन काहीतरी बोलल्या. दोन ओळींचंच असावं.

सायकल डुगडुगली. रामकिसननं पाय खाली टेकवला, वळून बायकोकडं पाहिलं, आणि भर रस्त्यात तसाच उभा राहिला. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, वाजवत होता.