पाळ पाहायला निघालेले यांत्रिक पाय

मित्रांनो, मी एक जुनी जोडी आहे. चपलांची नव्हे, पायांची! कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांनी बांधायचे यांत्रिक पाय असतात ना, ती मी. माझ्या गुडघ्यांत मोटारी आहेत, पाठीवर बॅटरी आहे. ज्याच्या पायात बळ कमी, त्याने पाऊल उचलायचे मनात आणले की मांडीच्या हालचालीवरून मला ते कळते. मग उरलेले बळ मी देते.

माझा जन्म नागपुरातल्या एका लहानशा कार्यशाळेत झाला. पहिली तीन वर्षे मी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. माणसे मला घालून वीस पावले जात, वीस पावले परत येत. पाहुणे माझे फोटो काढत, वाहवा करत. मला वाटे, जग म्हणजे गुळगुळीत फरशीच. पण माझी देखभाल करणारी गुंजन गोंदियाची होती. एक दिवस ती म्हणाली, "इसको बरामदे में ही घुमाते रहेंगे क्या? जंगल दाखवू या हिला."

अशी मी चिचगडजवळच्या जंगलात आले. तिथे दोन टेकड्यांच्या मध्ये एक जुना तलाव आहे. टेकडीच्या माथ्यावरून तो सगळा दिसतो, म्हणून लांबलांबून पर्यटक येतात. वर जायला एकशे बारा दगडी पायऱ्या आहेत.

तिथेच मला चंद्रकांताबाई भेटल्या. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त झालेल्या. तीन वर्षांच्या असताना पोलिओने त्यांचा उजवा पाय वाळला होता. हा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. दरवर्षी शाळेची सहल इथे येई. मुले वर पळत आणि बाई मोहाच्या झाडाखाली डबे राखत बसत. मुले खाली येऊन सांगत, "बाई, गजबच मोठा दिसते जी!" बाई हसून मान डोलावत. वर्गात त्या तलावाचा नकाशा फळ्यावर काढून दाखवत. पण स्वतः त्यांनी तो वरून कधीच पाहिला नव्हता.

गुंजनने पंधरा दिवस आमच्याकडून सराव करून घेतला. मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. पुढे हिरालाल होता. तो तिथला वाटाड्या आणि बाईंचाच जुना विद्यार्थी. मागे गुंजन होती.

पहिल्या साठ पायऱ्या ठीक गेल्या. मग एक पायरी आली, बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर उंच. बाई थबकल्या. खरे सांगते, मी घाबरले होते. मी अडकले असते तर बाई तिथूनच परत फिरल्या असत्या, आणि पुन्हा या वाटेला आल्या नसत्या.

"थकल्या का जी बाई?" हिरालाल म्हणाला. "मी पाठीवर घेतो न तुमाले."

"नको रे. पाठीवर बसून यायचं असतं तर कवाचीच आली असती!"

बाईंनी कठडा धरला. आयुष्यभर त्यांचा डावा पाय पुढे जाई आणि उजवा मागून ओढत येई. त्या क्षणी मला उजव्या मांडीतून हुकूम आला. अगदी क्षीण, पण स्पष्ट. जेवढे बळ होते तेवढे मी लावले. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा उजवा पाय आधी वर गेला. बाई त्या पावलाकडे बघतच राहिल्या. दुसऱ्या कुणाचे असावे तसे.

आम्ही माथ्यावर पोहोचलो. खाली निळे पाणी पसरले होते. दोन टेकड्यांना जोडणारी, पाणी अडवणारी मातीची पाळ म्हणजे बांध, आणि पाळीखाली पिकलेल्या धानाच्या पिवळ्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, दूरवर गेलेल्या. बाई किती तरी वेळ पाहत होत्या. अचानक त्या ओरडल्या, "अगं बाई! पाळ तं वाकडी आहे!"

"क्या हुआ मॅडम?" गुंजन दचकली.

"तीस वर्षं मी फळ्यावर सरळ रेघ ओढली ना गं!"

हिरालाल हळूच म्हणाला, "मी तं चौथीतच सांगतलो होतो जी. वाकडी काढलो, तं तुम्ही माझे दोन मार्क कापले."

बाईंनी त्याच्यापुढे हात जोडले. "तू बरोबर होतास बाबा." मग पुन्हा खाली पाहून म्हणाल्या, "पाण्याकडे पोट काढून उभी आहे बघ. पाण्याशी सरळ भांडता येत नाही, हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या हसत होत्या.

मी थक्क झाले. माझ्या अंगात बारा संवेदक आहेत, तलाव बांधणाऱ्यांजवळ नुसत्या कुदळी आणि टोपल्या होत्या. तरी त्या माणसांनी पाण्याचे मन ओळखले होते. त्या दिवसापासून मी स्वतःला फार हुशार समजणे सोडले.

पुढे मी अनेकांना वर नेले. मुर्री गावचे चुन्नीलाल लकव्यानंतर माझ्यासोबतच चढले आणि वर बसून त्यांनी पोटभर शेंगदाणे खाल्ले. मग नवी, हलकी जोडी आली. एकदा पावसात भिजले तेव्हा मला ओल्या अंगानेच पायथ्याच्या एका खोलीतल्या माळ्यावर टाकले. पट्ट्यांना बुरशी लागली, उंदरांनी तार कुरतडली. उजव्या गुडघ्याची मोटार जळून गेली.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. पण पायऱ्या सारख्या उंचीच्या बांधा, कठडे हलू देऊ नका; नाहीतर माझ्यासारखे यंत्र तरी काय करणार? आणि मला खाली काढा. पुसा, उन्हात वाळवा, तार बदला, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. माझा डावा गुडघा अजून शाबूत आहे. कुणाला तेवढाच हवा असेल.