वाड्याचा पार

खाण बंद पडली, माझ्या मुलासकट तरुण माणसं कामासाठी बाहेर गेली आणि गावातली आमची वस्ती, आमचा वाडा, रिकामा झाला. देवळातल्या सप्ताहात दुपारी तीन ते सहा भजनाची पाळी, म्हणजे पार, आमच्या वाड्याचा. भजन क्षणभरही थांबता नये. यंदा टाळ घेऊन मी एकटाच! तासाभरात घसा बसला, डोकं तापलं. तेवढ्यात शेजारचे ओडिशाचे भाडेकरू आले आणि त्यांच्या चालीत 'हरे राम' म्हणू लागले. ही माणसं वाड्यात नकोत म्हणून पंचायतीत भांडलेला मीच. आता हाकलू की साथ देऊ, कळेना. टाळ मात्र वाजतच राहिले.

सहा वाजता त्यांच्यातल्या रंजनने सहज विचारलं, "काका, लंडनमध्ये तुमचा मुलगा कुणाच्या पारात बसतो?"

मुलाच्या शेजारी तिथे कोण राहतं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.